एर्गो प्रॉक्सीतले ‘मध्येच आलेले’ भाग वगळावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘एर्गो प्रॉक्सी’ ही जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका चौदाव्या भागापर्यंत कशीबशी समजत आली आणि पंधराव्यात अचानक क्विझ शो सुरू झाला. सूट घातलेला सूत्रसंचालक, दिव्यांचा झगमगाट, नायक व्हिन्सेंट खुर्चीत. पुढचा भाग चाळून पाहिला तर त्यात काहीच घडत नाही. हे पाणी घालणं आहे का, आणि असेल तर वगळून थेट सतराव्यावर गेलं तर चालेल का? शिवाय या मालिकेत पात्रांचा विकास फार सुंदर आहे असं सगळे म्हणतात, पण ती पात्रं बदलताना तुम्हाला दिसलीच नाहीत.

वगळू नका. पंधरावा एक वेळ वगळलात तरी मी भांडणार नाही, पण सोळावा वगळलात तर भांडेन. तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पात्रं बदलतात ती नेमकी तुम्ही वगळायला निघालेल्या भागांत.

मी अठरा वर्षं स्टोरीबोर्ड (अ‍ॅनिमेशनआधी दृश्यामागून दृश्य कागदावर आखतात ते) काढतोय, बहुतेक लहान मुलांच्या मालिकांचे. त्यामुळे ‘हा भाग काढला तर काय बिघडेल?’ हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. हा प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो. एक, काढला तर गोष्ट कळेल का? दोन, काढला तर पुढे ही माणसं जे करतील ते पटेल का? आपल्याकडच्या मालिकांत पाणी घातलेला भाग दोन्ही कसोट्यांवर नापास होतो. सासूने पत्र लपवलं, आठवड्याने सापडलं, सगळे होते तिथेच. ‘एर्गो प्रॉक्सी’चा सोळावा भाग पहिल्या कसोटीवर साफ नापास आहे आणि दुसऱ्या कसोटीवर अख्ख्या मालिकेत पहिला.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण हे असं का केलं असावं याचा अंदाज त्यातून येतो. मालिका २००६ सालची, २३ भागांची, मँगलोब या स्टुडिओची. दिग्दर्शक शुको मुरासे, मुख्य लेखक दाई सातो. सातो ‘काउबॉय बीबॉप’ आणि ‘घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ या दोन्ही अ‍ॅनिमे मालिकांच्या लेखकचमूत होते. ज्यांनी हे दोन्ही पाहिलंय त्यांना प्रत्येक भागाचा वेगळा साज ही काय चीज आहे ते माहीत असेल. ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’चा नववा भाग तर जवळजवळ पूर्ण एका चॅटरूममध्ये घडतो: गोल टेबल, भोवती अनोळखी चेहरे आणि नुसती चर्चा. म्हणजे या मंडळींना हे व्यसन आधीपासूनच होतं. त्यात ‘एर्गो प्रॉक्सी’ लागली वाओवाओ या पैसे भरून पाहायच्या उपग्रह वाहिनीवर. संध्याकाळी सहाला खेळणी विकायची जबाबदारी डोक्यावर नसली की लेखकाचा हात जरा मोकळा सुटतो.

आता मुद्दा. या मालिकेची सुरुवात आठवा. रोमडो हे घुमटाखालचं शहर. माणसं कृत्रिम गर्भाशयात जन्मतात आणि जन्मतानाच त्यांचं ‘असण्याचं कारण’ ठरलेलं असतं. घरोघरी ऑटोरीव्ह म्हणजे यंत्रमानव, आणि त्यांना कोजिटो नावाचा विषाणू लागला की ते गुडघे टेकून प्रार्थनेला बसतात, कारण त्यांना ‘मी’ सापडलेला असतो. तत्त्वज्ञ देकार्तच्या ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ (लॅटिनमध्ये ‘कोजिटो एर्गो सुम’) या वाक्यातला ‘कोजिटो’ विषाणूला दिला आणि ‘एर्गो’ शीर्षकाला. नावांचा खेळ इथे पावलोपावली आहे. नायिका री-एलच्या नावापुढचा तो १२४सी४१+ हा आकडासुद्धा ह्यूगो गर्न्सबॅकच्या जुन्या विज्ञान कादंबरीच्या शीर्षकातून उचललाय. शहराचा कारभार पाहणाऱ्या राजप्रतिनिधीच्या दालनातल्या पुतळ्यांची नावं देरिदा, लाकाँ, हुसर्ल, बर्कली. इथेच बरेच प्रेक्षक चकतात. तत्त्वज्ञांची नावं ऐकली की त्यांना वाटतं आपण परीक्षेला बसलोय आणि पुस्तक वाचलेलं नाही. माझं मत विचाराल तर ती नावं म्हणजे दिवाणखान्यातलं काचेचं कपाट आहे. पाहुण्याने पाहावं, फार हात लावू नये. खरा विचार पात्रांच्या वागण्यात आहे.

आणि पात्रांची अडचण अशी की रोमडोत कुणाला बदलायला वावच नाही. ज्याचं असण्याचं कारण आधीच ठरलंय तो बदलणार कसा? री-एल मेयर ही राजप्रतिनिधीची नात, निळ्या आयशॅडोखालून जगाकडे तुच्छतेने बघणारी. व्हिन्सेंट लॉ हा बाहेरून आलेला निर्वासित, ‘चांगला नागरिक’ व्हायला धडपडणारा, डोळे मिटल्यासारखे ठेवून चालणारा. पिनो ही लहान मुलीच्या रूपातली ऑटोरीव्ह. क्रीड कुटुंबाला खरं मूल मिळालं आणि हिची गरज संपली. हे तिघं जोवर शहरात आहेत तोवर कथानक त्यांना ढकलतं आणि ते ढकलले जातात. पाठलाग, हल्ला, पळ. पळणाऱ्या माणसाचा स्वभाव कळत नाही, फक्त वेग कळतो.

म्हणून लेखकांनी एक सोपी गोष्ट केली. एकेका पात्राला कथानकाच्या बाहेर काढलं आणि त्याच्याच अडचणीच्या आकाराच्या खोलीत कोंडलं. प्रयोग म्हणून जे दिसतं ते हेच. अकराव्या भागात व्हिन्सेंट एका पुस्तकाच्या दुकानात येऊन पडतो. दुकानाचं नाव सिटी लाइट्स, सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रसिद्ध दुकानाचंच. जवळजवळ अख्खा भाग दुकानदाराशी बोलण्यात जातो. ज्याला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही त्याला पुस्तकांच्या दुकानात बसवणं यात गंमत आहे: सगळ्या गोष्टी लिहिलेल्या आहेत, फक्त त्याचीच त्याला वाचवत नाही. तिथेच त्याला मान्य करावं लागतं की ज्या राक्षसापासून तो पळत होता तो तोच आहे. दुसरी एखादी मालिका हे एका मारामारीत, छाती फाडून, किंकाळी मारून दाखवती. इथे दोन माणसं बोलतात. तुम्हाला तो भाग आठवत असेल तर व्हिन्सेंटचे डोळे आठवा. सुरुवातीला मिटल्यासारखे असलेले ते डोळे पुढे उघडे राहू लागतात. पात्ररचनाकार नाओयुकी ओंदा यांच्या कामातली ही सर्वांत शहाणी खूण आहे असं मला वाटतं. संवादात कुणीही म्हणत नाही की ‘तू बदललास’.

तेराव्या भागातल्या इगीवर मात्र थांबायला हवं, कारण त्याला लोक प्रयोगात धरतच नाहीत. इगी म्हणजे री-एलचा सोबती ऑटोरीव्ह. आज्ञाधारक, थोडा कुरकुरा, घरच्या जुन्या गड्यासारखा. त्याला विषाणू लागतो आणि तो बोलत सुटतो. आत्ता प्रेम, पुढच्या वाक्याला संताप, परत लाड, परत चीड. जन्मभर ‘हो बाईसाहेब’ म्हणणाऱ्याचं पोट एकदम उघडावं तसं. रचनेच्या दृष्टीने हा एकपात्री प्रयोग आहे, आणि आपल्याला एकपात्रीची सवय असल्यामुळे तो मराठी प्रेक्षकाला लगेच भिडावा. पण खरा घाव री-एलवर बसतो. आपण एका माणसाला वर्षानुवर्षं सामान समजून वागवलं हे तिला त्याच्या तोंडून ऐकावं लागतं, आणि लगेच तो जातो. ती त्यावर फार बोलत नाही. ते न बोललेलं सोळाव्या भागात वर येतं. मधले दोन भाग ते तिच्या पोटात आहे हे लक्षात ठेवून पाहा.

आता तुमचा क्विझ शो. त्या भागाच्या नावात ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ आणि ‘जेपर्डी’ या दोन क्विझ कार्यक्रमांची नावं एकत्र कालवलीत. पहिला म्हणजे आपला ‘कौन बनेगा करोडपती’. त्याची जपानी आवृत्तीही २०००मध्येच सुरू झाली आणि तिथला सूत्रसंचालक मिनो मोंता ‘फायनल आन्सर?’ विचारून इतका वेळ गप्प बसायचा की ते दोन शब्द घराघरात म्हटले जात. आपल्याकडे ‘लॉक किया जाए’चं जे झालं तेच. हे माहीत असेल तर पंधराव्या भागातला ताण कुठून येतो ते कळतं. व्हिन्सेंटसमोरचा सूत्रसंचालक स्वतः एक प्रॉक्सी आहे, म्हणजे व्हिन्सेंटमधला राक्षस ज्या जातीचा त्याच जातीचा निर्माण केलेला जीव, नाव एमसीक्यू. (परीक्षा दिलेल्या कुणालाही हा विनोद समजावा लागू नये.) हरणाऱ्याचा जीव जाणार. आणि प्रश्न कशाबद्दल? याच जगाच्या इतिहासाबद्दल: मिथेन हायड्रेटमुळे झालेला विनाश, माणसं घेऊन गेलेली जहाजं, प्रॉक्सी कशासाठी निर्माण केले.

म्हणजे लेखकांसमोर माहितीचं गाठोडं होतं. कुठल्याही विज्ञानकथेत हे गाठोडं एकदा सोडावंच लागतं. साधारणपणे एखादा म्हातारा शास्त्रज्ञ धुरकट खोलीत बसून वीस वाक्यं बोलतो आणि प्रेक्षक मोबाइल उचलतो. इथे तीच माहिती प्रश्नांत वाटली, आणि चुकीच्या उत्तराला मृत्यू जोडला. माहिती तीच राहिली, फक्त तिला दात आले. पण हे झालं कारागिरीचं कौतुक. पात्राच्या अंगाने पाहाल तर यातली क्रूरता दिसते. व्हिन्सेंटला स्वतःबद्दल जे माहीत नाही ते सगळ्या सभागृहाला माहीत आहे, आणि त्याला ते स्पर्धक म्हणून ओळखायचंय. स्मृती गेलेल्या माणसाची यापेक्षा चांगली फजिती मला सुचली नसती. तरीही हा भाग थोडा चतुर आहे, स्वतःच्या चतुराईवर खूश आहे, म्हणून मी याला सोळाव्याच्या खाली ठेवतो.

सोळाव्या भागाचं जपानी नाव ‘डेड काम’. आपल्या किनाऱ्यावर म्हणतात ‘वारा पडला’. रोमडो सोडून निघालेल्या आपल्या तिघांचं जहाज सेंट्झॉन तोतोच्तिन (हे अ‍ॅझ्टेक दंतकथेतल्या चारशे सशांचं नाव आणि पिनोचा पोशाखही सशाचा, असे बारीक चाळे चालूच असतात) वाऱ्यावर चालणारं. वारा पडतो आणि जहाज उभं राहतं. संपलं कथानक. त्याच भिंती, तेच जेवण, तेच तीन चेहरे.

इथे जरा माझ्या टेबलावर या. जपानी स्टोरीबोर्डच्या कागदावर उभे रकाने असतात: कटचा क्रमांक, चित्र, कृती, संवाद आणि सगळ्यात उजवीकडे वेळ. वेळ लिहितात सेकंद अधिक फ्रेम अशी, म्हणजे ४+१२ म्हणजे चार सेकंद आणि बारा फ्रेम, साडेचार सेकंद. नवीन मुलं चित्राच्या रकान्यात जीव ओततात. अनुभवी माणूस आधी उजवा रकाना पाहतो. मारामारीच्या पानावर तिथे ०+१८, १+६ असे आकडे उतरतात. काही न घडणाऱ्या भागात तुम्हाला ६+०, ८+० लिहावं लागतं आणि हात थरथरतो, कारण आठ सेकंद स्थिर चित्रावर प्रेक्षक धरून ठेवायला त्या चित्रात काहीतरी शिजत असावं लागतं. हे स्वस्तही पडतं, खोटं कशाला बोलू. अ‍ॅनिमेमध्ये सेकंदाला चोवीस फ्रेम असल्या तरी एकेक चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. आणि पात्र बसून असेल तर तेवढीही लागत नाहीत. म्हणून निर्मात्यांना असे भाग हिशेबाच्या वहीत आवडतात. पण स्वस्त भाग आणि रिकामा भाग यांत फरक आहे, आणि तो त्या उजव्या रकान्यातच ठरतो.

तर त्या थांबलेल्या जहाजावर री-एल कंटाळते. नुसती कंटाळत नाही, चिडते. आणि कशावर चिडते ते पाहा: व्हिन्सेंट आणि पिनोला कंटाळा येत नाही यावर. ते दोघं दिवस ढकलायला शिकलेत. एक निर्वासित, एक टाकून दिलेलं खेळणं, दोघांनाही वाट पाहायची सवय आहे. री-एलला नाही. तिने आयुष्यभर वाट पाहायला लावलीय. रोमडोत ती चौकशी अधिकारी होती, कुणाची तरी नात होती. इथे तिच्या हुद्द्याचा वाऱ्यावर काही परिणाम होत नाही. तेरा भाग तिने कुणाची माफी मागितली नाही, आभार मानले नाहीत, आणि प्रेक्षक म्हणून आपण ते तिचा तोरा म्हणून चालवून घेतलं. या भागात तो तोरा कुणी मोडत नाही. तो न वापरल्यामुळे गंजतो.

तुम्ही एक करा. या भागात संवाद सोडून फक्त अंतर पाहा. फ्रेममध्ये तिघं एकमेकांपासून किती लांब बसलेत, कोण कुणाकडे पाठ करून आहे, री-एल कधी चौकटीच्या कडेला आहे आणि कधी मध्ये येते. मी विद्यार्थ्यांना हा भाग आवाज बंद करून दाखवतो आणि लगेच पाचवा भाग तसाच दाखवतो. काही समजावून सांगावं लागत नाही. सतराव्या भागापासून ही तीन माणसं एकमेकांसाठी जे करतात ते सोळाव्याशिवाय पटणार नाही, कारण एकत्र पळणाऱ्यांची टोळी होते. एकत्र कंटाळल्याशिवाय घर होत नाही.

हे मी शहाणपणाने बोलतोय, पण स्वतः करायची वेळ आली तेव्हा शेपूट घातली. एका मालिकेत मी असाच भाग सुचवला होता: पावसामुळे दोन मुलं आणि त्यांची आजी दिवसभर घरात अडकतात, खलनायक येतच नाही. ग्राहकाकडून एका ओळीत उत्तर आलं, ‘यात थ्रेट कुठाय?’ मी दुसऱ्या दिवशी त्यात एक चोर घातला. भाग गेला, कुणाच्या लक्षातही नाही. त्या आजीला दाखवायला माझ्याकडे आठ सेकंदांची एक जागा होती, ती चोराच्या पायांना दिली.

पिनोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्याशिवाय उत्तर अर्धं राहील. माणूस व्हायला निघालेला यंत्रमानव हा विज्ञानकथेतला झिजलेला शिक्का आहे. पिनो वेगळी वाटते कारण तिला माणूस व्हायची घाई नाही. ती नक्कल करते, चित्रं काढते, तोंडाने फुंकून वाजवायचं ते छोटं वाद्य वाजवते, आणि नक्कल कधी संपली नि तिचं स्वतःचं कधी सुरू झालं ते कळत नाही. तिचा आवाज अकिको याजिमा यांचा. जपानी शिनचॅनचा आवाज अनेक वर्षं त्यांचाच होता. आता आठवून पाहा: त्याच गळ्यातून एक आगाऊ पोरगा आणि एक हळूहळू जागी होणारी बाहुली. एकोणिसाव्या भागात ती एका मनोरंजन उद्यानात जाते, आणि तो भाग मालिकेच्या रंगांनाच धक्का देतो. इतका वेळ राखाडी आणि काळपट हिरवं पाहून सरावलेल्या डोळ्यांना तिथले रंग टोचतात. भागाचा मालक विल बी. गुड हा वॉल्ट डिस्नेवर बेतलेला आहे हे सांगायला नको इतकं उघड आहे, आणि तो उपहास मला जरा लांबलेला वाटतो. पण जग पिनोच्या उंचीवरून दिसतं तिथे भाग सुटतो. ज्या व्हिन्सेंटला सगळे विनाशक म्हणून घाबरतात तो तिच्यासाठी फक्त व्हिन्स आहे.

सगळेच प्रयोग जमलेत असं मी म्हणणार नाही. चौदाव्यात रूप बदलणारा प्रॉक्सी खरी री-एल कोण याचा जो घोळ घालतो तो वातावरणाला चांगला, पण शेवटी कुणाच्याच पदरात फार पडत नाही. विसावा मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा माझं मत वेगळं झालं. आणि सर्वांत मोठा अन्याय डेडॅलसवर झालाय. री-एलचा तो पोरसवदा डॉक्टर, तिच्यावर वेड्यासारखा जीव टाकणारा. त्याला त्याची स्वतःची खोली, त्याच्या वेडाच्या आकाराचा एक भाग मिळालाच नाही. म्हणून शेवटी तो जे करतो ते कळतं, पण लागत नाही. प्रयोग पात्राला काय देतो हे पाहायचं असेल तर ज्याला तो मिळाला नाही त्याच्याकडे बघणं हाही एक मार्ग आहे.

याच जातीची दुसरी मालिका पाहायची असेल तर १९९८ची ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ घ्या, फक्त तेरा भाग. तिच्या नवव्या भागात मध्येच रॉझवेलची उडती तबकडी, व्हॅनेव्हर बुश यांचं मेमेक्स हे कल्पनेतलं माहितीयंत्र, टेड नेल्सन यांचा झॅनाडू हा हायपरटेक्स्ट प्रकल्प असा माहितीपट सुरू होतो, आणि अकराव्याचा मोठा तुकडा आधीच्या दृश्यांचीच गिटारवर केलेली गोधडी आहे. पण तिथे प्रयोग नायिका लेनचं डोकं कसं विस्कटतंय ते दाखवतो, ‘एर्गो प्रॉक्सी’त प्रयोग विस्कटलेल्यांना बसायला जागा देतो. दोन्ही लागोपाठ पाहू नका, डोकं धरेल.

आता पंधरावा पूर्ण करा आणि सोळाव्याआधी एक दिवस जाऊ द्या. पाहायला बसाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दीडपट वेगाने मुळीच पाहू नका. त्या भागाच्या उजव्या रकान्यातले आकडे कुणीतरी जिवावर उदार होऊन लिहिलेत. दहाव्या मिनिटाला तुम्हाला री-एलसारखाच राग आला, तर भाग नीट चाललाय असं समजा आणि पुढे बघत राहा.